पुढच्या भागात काय हवं?

दोस्तांनो, तुम्हाला एक प्रश्न विचारतो. पटकन उत्तर देऊ नका, जरा विचार करून द्या. समजा, तुमच्या आवडत्या रेसिंग गेमचा पुढचा भाग तयार होतोय आणि तो बनवणारा माणूस थेट तुमच्या घरच्या ओट्यावर येऊन बसला. हातात वही-पेन. म्हणाला, ''सांगा, नव्या भागात काय काय हवं?'' तुम्ही काय सांगाल?

हसू नका! गेल्या उन्हाळ्यात अगदी हाच प्रश्न मी एका ओट्यावर विचारला होता, आणि त्याचं जे उत्तर मिळालं त्यानं माझी दोन रात्री झोप उडवली.

त्याचं असं झालं. माझी ताई नागपूरला सक्करदऱ्यात राहते. माझं बालपणही तिथलंच. नागपूर न पाहिलेल्यांसाठी सांगतो : सक्करदरा म्हणजे शहराच्या दक्षिणेकडची गजबजलेली वस्ती. तिथं एक तलाव आहे, दर बुधवारी मोठा बाजार भरतो आणि तिथूनच उमरेडकडे जाणारा रस्ता निघतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळे कूलरसमोर! अशाच एका दुपारी माझा तेरा वर्षांचा भाचा आणि त्याची टोळी मोबाइलवर मोटारसायकली पळवत बसली होती. गेमचं नाव 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी'. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो खेळलाय, मला माहीत आहे! त्यातल्या फोनवर कोणता नंबर फिरवला की कोणती गाडी समोर उभी राहते, हे त्या पोरांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं.

मी सहज म्हणालो, ''आमच्या वेळी रोड रॅश होता.''

बस! सगळ्यांनी मान वर केली. भाचा म्हणाला, ''आम्हाले माहीत आहे ना मामा. बाबांच्या लॅपटॉपवर खेळलो आम्ही. पण त्याचा नवीन पार्ट कधी येऊन राह्यला?''

मी म्हणालो, ''येत नाहीये.''

''काऊन?''

या 'काऊन'चं उत्तर द्यायला मला अख्खी दुपार लागली. तुम्हाला थोडक्यात सांगतो.

'रोड रॅश' हा गेम पहिल्यांदा आला १९९१ मध्ये. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनं तो सेगा नावाच्या कंपनीच्या यंत्रासाठी काढला होता. टीव्हीला जोडायचं आणि खेळायचं, असं ते यंत्र. मोटारसायकलींची शर्यत, रस्ते कॅलिफोर्नियातले, आणि नियम एकच : नियम नाही! शेजारच्या स्वाराला बुक्का मारा, लाथ मारा, त्याच्या हातातला दंडुका हिसकावून घ्या. समोरून गाड्या येणार, मागून पोलीस येणार. पोलिसानं धरलं की दंड. गाडी फार ठोकली की दुरुस्तीचा खर्च. पहिल्या काही नंबरांत आलात की बक्षीस, आणि साठलेल्या पैशातून नवी, जास्त वेगवान गाडी.

गंमत म्हणजे तेव्हाच्या त्या यंत्राला खरा त्रिमिती रस्ता काढताच येत नव्हता. मग वेग कसा दिसायचा? झाड आधी इवलंसं काढायचं, मग थोडं मोठं, मग आणखी मोठं, आणि शेवटी पडद्याबाहेर. रस्त्याचे पट्टे भराभर सरकवायचे. म्हणजे गाडी जागच्या जागी असते आणि झाडं फुगत असतात! आपल्या डोळ्यांना वाटतं, आपणच सुसाट निघालोय. त्यात रोड रॅशचा रस्ता सपाट नव्हता. चढ यायचा, चढाच्या टोकावरून गाडी हवेत उडायची आणि खाली नेमकी काय वस्तू उभी आहे हे उडाल्यावरच कळायचं. पोटात गोळा यायचा, खरंच!

१९९२ मध्ये दुसरा भाग आला. त्यात पडदा दोन भागांत कापून दोघांना एकाच वेळी खेळता येऊ लागलं. १९९५ चा तिसरा भाग तर जगाच्या सफरीवर निघाला : ब्राझील, ब्रिटन, जर्मनी, इटली, केनिया, ऑस्ट्रेलिया, जपान. भारत? नव्हता. आणि १९९६ मध्ये आली ती कॉम्प्युटरवरची आवृत्ती, जी आपल्याकडे गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आणि सायबर कॅफेत पोचली. तुमच्या आईबाबांना 'रोड रॅश' म्हणजे हीच आठवते. पुढे १९९८ आणि १९९९ मध्ये आणखी दोन भाग आले, २००० मध्ये 'जेलब्रेक' आला, आणि त्याचीच छोटी आवृत्ती २००३ मध्ये हातात धरायच्या गेमबॉय ॲडव्हान्सवर निघाली. त्यानंतर नवा भाग नाही.

''पण एवढे लोक खेळले ना बे!'' टोळीतला एक जण म्हणाला, ''मग कंपनीला समजत नाही का?''

आता इथं मला खरं बोलणं भाग होतं. आमच्या क्लासमध्ये जो रोड रॅश होता, तो विकत घेतलेला नव्हता. कुणीतरी कुणाकडून तरी सीडीवर उतरवून आणलेला. जागा वाचावी म्हणून त्यातल्या चित्रफिती काढून टाकलेल्या. आम्ही तासाचे पैसे द्यायचो, पण ते क्लासवाल्याला. ज्यांनी रात्र-रात्र जागून तो गेम बनवला त्यांच्यापर्यंत आमचा एक पैसाही गेला नाही. आम्ही शेकडो तास खेळलो, पण कंपनीच्या वहीत आमचं नावच नाही! मग 'सक्करदऱ्याच्या पोरांना नवा भाग हवाय' हे तिला कळणार कसं? ज्याला कधी तिकीट काढताना पाहिलं नाही, त्याच्यासाठी कुणी जादा बस सोडतं का?

पोरं गप्प झाली. मग माझ्या भाच्यानंच तोड काढली. ''ठीक आहे. पार्ट येवो नाहीतर न येवो, आपण यादी तर करू!'' लगेच वहीचं मधलं पान फाडलं गेलं. मी झालो लेखनिक. आता ती यादी जशीच्या तशी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली मागणी : रस्ते आपले हवेत. यावर सगळ्यांचं एकमत. पहिली पातळी सक्करदरा चौक ते उमरेड. बुधवारी खेळलात तर बाजारामुळे रस्ता अरुंद. इतर दिवशी मोकळा. दिघोरीच्या पुढे ट्रक. मेच्या दुपारी रस्ता रिकामा, पण टायर तापणार. तर्री पोह्याच्या टपरीवर थांबलात तर ताकद भरून मिळणार! दुसरी पातळी उमरेडहून भिवापूर, रस्त्याच्या कडेला लाल मिरच्या वाळत घातलेल्या. त्यावरून गाडी नेली की स्वाराला शिंका. तिसरी रामटेकचा गड. चौथी चिखलदऱ्याचा घाट, पावसात, धुक्यात. पाचवीवर भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, आपले रस्ते कोण घालणार गेममध्ये? पण थांबा. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, बुद्ध सर्किटवर. त्या वर्षीचा फॉर्म्युला वनचा अधिकृत व्हिडिओ गेम सप्टेंबरमध्येच बाजारात आला होता आणि त्यात हे सर्किट होतं. म्हणजे खऱ्या गाड्या तिथं धावण्याआधी जगभरची पोरं घरबसल्या भारतातल्या वळणांवर गाड्या आपटत होती! आणि दुसरं उदाहरण 'फोर्झा होरायझन' या मालिकेचं. तिचा प्रत्येक भाग वेगळ्या देशात घडतो : २०१२ मध्ये अमेरिकेतलं कोलोरॅडो, २०१४ मध्ये फ्रान्स-इटली, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलिया, २०१८ मध्ये ब्रिटन, २०२१ मध्ये मेक्सिको. चाहते वर्षानुवर्षं एकच पालुपद लावून बसले होते, 'जपान हवा, जपान हवा!' आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, सहावा भाग जपानमध्ये. मागत राहिलं तर कधी कधी मिळतं, बरं का!

दुसरी मागणी : शंकरपट हवा. ही मागणी टोळीतल्या सगळ्यात लहान मेंबरची. वय वर्षं आठ. पश्चिम महाराष्ट्रातल्या दोस्तांनो, तुम्ही जिला बैलगाडा शर्यत म्हणता, तिचा आमच्या विदर्भातला भाऊबंद म्हणजे शंकरपट. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर फार नावाजलेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या शर्यती बंद झाल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरमध्ये अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयानं राज्याचा कायदा मान्य केला. बंदी का आली होती? बैलांना मारझोड व्हायची, टोचायचे, म्हणून. ते सांगितल्यावर आठ वर्षांचं पोरगं म्हणालं, ''मग गेममध्ये बैलाले मारलं की बैल थांबूनच जाईल. खाजवलं की पळेल.'' घ्या! एवढी साधी गोष्ट मोठ्यांना कळायला किती वर्षं लागली!

तिसरी मागणी : शेजारी बसून खेळता आलं पाहिजे. आता बहुतेक रेसिंग गेममध्ये तुमच्याविरुद्ध खेळणारा कुठंतरी लांब असतो, त्याचं तोंडही दिसत नाही. पण एकाच सतरंजीवर बसून, कोपरानं ढकलत, 'ए, चिटिंग नको!' म्हणत खेळण्याची मजा वेगळीच. रोड रॅशनं १९९२ मध्ये हे दिलं होतं. मग आता का नको?

चौथी मागणी : सारखे पैसे मागायचे नाहीत. ही मागणी वाचून आईबाबा टाळ्या वाजवतील! गेम फुकट म्हणून उतरवायचा आणि मग चांगली गाडी हवी तर पैसे, रंग हवा तर पैसे, लवकर पुढं जायचं तर पैसे. टोळीतल्या एकानं आईच्या फोनवरून न विचारता खरेदी केली होती. पुढचे दोन महिने त्याला फोनला हात लावू दिला नाही. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. 'नीड फॉर स्पीड' या जुन्या मालिकेचा २०१७ चा भाग विकत घेतल्यावरसुद्धा गाडी सुधारण्यासाठी नशिबावर निघणारी कार्डं जमवावी लागायची. चाहते जाम भडकले होते. रोड रॅशमध्ये पैसे शर्यत जिंकून मिळायचे. खिशातून काढावे लागायचे नाहीत.

पाचवी मागणी : विकत घेतलेला गेम आमच्याकडेच राहिला पाहिजे. ही मागणी थोडी समजावून सांगावी लागेल. 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा गेम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं २०१४ मध्ये आणला. तो कंपनीच्या संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, जोडलेला असेल तरच चालायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि गेम कायमचा संपला. ज्यांनी पैसे मोजून घेतला होता, त्यांच्यासाठीसुद्धा! विचार करा, तुम्ही पुस्तक विकत घेतलं आणि दहा वर्षांनी दुकानदारानं येऊन त्यातली अक्षरं पुसून टाकली तर? चिडलेल्या चाहत्यांनी त्याच वर्षी 'स्टॉप किलिंग गेम्स' अशी मोहीमच काढली. २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपात तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. आणि कंपनीनंही २०२४ मध्येच जाहीर केलं की या मालिकेचे पुढचे भाग इंटरनेटशिवाय खेळायची सोय करू. चाहत्यांच्या यादीत किती जोर असतो पाहिलंत?

इथपर्यंत आमची यादी मजेत चालली होती. ताईनं आंब्याचं पन्हं आणून दिलं. मग माझ्या लक्षात आलं की ओट्याच्या कोपऱ्यात बसलेली, समोरच्या घरातली एक मुलगी अजून काहीच बोललेली नाही. वय असेल अकरा-बारा. मी विचारलं, ''तुला काही नको का गं?''

ती जरा थांबली. मग म्हणाली, ''तो जो पडते ना काका, गाडीवरून... त्याच्यापाशी थांबायचं बटन पायजे.''

पोरं हसली. एक जण म्हणाला, ''अन् थांबून काय करशील? हरशील ना!''

ती म्हणाली, ''हरीन.''

एवढंच. मी ती सहावी मागणी लिहिली खरी, पण माझा हात तिथंच थबकला. आणि आता दोस्तांनो, तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे ती मी कुणालाच सांगितली नव्हती. आईला नाही, ताईला नाही.

मी आठवीत होतो. क्लासमध्ये रोड रॅशचा तास वीस रुपयांना मिळायचा. वीस रुपये म्हणजे आमच्यासाठी केवढी मोठी रक्कम! मी आणि माझा जिवलग दोस्त, आम्ही दोघं मिळून पैसे साठवायचो. एकदा पैसे फक्त त्याच्याकडेच होते, त्याच्या आजीनं दिलेले. मग पैज लागली. तलावाच्या बाजूच्या रस्त्यावरून सायकलची शर्यत. मी हरलो तर पुढच्या महिन्यात मी पैसे भरायचे. तो हरला तर त्यानं आजच वीस रुपये भरायचे आणि पूर्ण तास मी खेळायचं.

तो माझ्यापेक्षा वेगवान होता. शेवटच्या वळणावर तो माझ्या उजव्या हाताला, अर्धा हात पुढं. आणि मी काय केलं माहीत आहे? जे रोज पडद्यावर करत होतो, तेच. उजवा पाय उचलला आणि त्याच्या सायकलला लाथ मारली.

तो पडला. मला आवाज आला. पण मी थांबलो नाही. कारण गेममध्ये कुणी थांबत नाही ना! गेममध्ये पडलेला माणूस उठतो, कपडे झटकल्यासारखं करतो, धावत जाऊन गाडी उचलतो आणि परत मागे लागतो. मी पुढं गेलो, ठरलेल्या झाडाला हात लावला, 'जिंकलो!' म्हणून ओरडलो आणि मागे वळून बघितलं. तो उठला नव्हता.

त्याच्या उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. काकू म्हणजे त्याची आई सगळ्यांना सांगायची, ''खडीवरून सायकल घसरली पोराची.'' कारण त्यानं घरी तसंच सांगितलं होतं. मला वाटलं, त्याला कळलंच नाही. सायकलला सायकल घासली असं वाटलं असेल. आणि मी तसंच वाटू दिलं.

प्लास्टर घातल्यावर आठवड्यानं तो मला क्लासमध्ये घेऊन गेला. डाव्या हातानं खिशातून वीसची नोट काढली आणि भरली. 'पैज म्हणजे पैज,' म्हणाला. पूर्ण तास मी खेळलो, तो शेजारी स्टुलावर बसून बघत होता. त्या दिवशी मी दोनदा पहिला आलो.

आता तुमच्यातले काही आईबाबा म्हणतील, 'बघा, हे असं होतं! हे गेमच वाईट!' थांबा काका, थांबा काकू. त्या क्लासमध्ये पन्नास पोरं रोड रॅश खेळायची. त्यातल्या बाकी कुणीच दोस्ताला लाथ मारली नाही. त्या दिवसापर्यंत मीही मारली नव्हती. गेमनं मला लाथ दाखवली हे खरं, पण पाय माझा होता. आणि मागे न बघता पुढं जाणं हेही माझंच होतं. गेमवर ढकलून मी सुटू शकत नाही. मात्र एक गोष्ट त्या गेमनं मला कधीच दाखवली नाही : पडलेल्याचं पुढं काय होतं. लाथेचं बटन होतं, थांबायचं बटन नव्हतं. त्या मुलीनं नेमकं तेच मागितलं होतं.

खऱ्या रस्त्यावर तर हा हिशेब फार भयंकर आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरची होती. आणि अपघात झाल्यावरचा पहिला तास सगळ्यात मोलाचा असतो. डॉक्टर त्याला 'गोल्डन अवर' म्हणतात. त्या तासात कुणी थांबलं, कुणी १०८ नंबर फिरवून रुग्णवाहिका बोलावली, तर जीव वाचू शकतो. पण लोक घाबरून थांबत नसत : पोलीस विचारतील, कोर्टात जावं लागेल. म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला त्रास न देण्याचे नियम पक्के केले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच तसं कलम घातलं गेलं. म्हणजे खऱ्या जगात थांबायचं बटन आता कायद्यानंही दिलंय. दाबायचं आपण.

तर त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी मी दोस्ताला फोन लावला. तो आजही नागपुरातच असतो. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. लाथ, झाड, सगळं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, ''मले माहीत होतं बे.''

''काय?''

''तुझी निळ्या पट्ट्याची चप्पल. पडता पडता तेवढीच दिसली मले.''

मला काय बोलावं सुचेना. विचारलं, ''मग सांगितलं का नाही कुणाला?''

''सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी तुला फोडून काढलं असतं. अन् तुझं येणं बंद झालं असतं आमच्या घरी.'' जरा थांबून म्हणाला, ''पण तू सांगशील, असं वाटलं होतं मले. वाट पाह्यली मी. दहावीपर्यंत.''

दोस्तांनो, हे शेवटचं वाक्य मला त्या लाथेपेक्षा जास्त लागलं. आपण समजतो, समोरच्याला कळलं नाही म्हणजे आपण सुटलो. पण कधी कधी त्याला सगळं कळलेलं असतं, आणि तो फक्त आपण बोलण्याची वाट बघत असतो. मी त्याला दोन वर्षं ताटकळत ठेवलं, आणि नंतर त्यानं वाट बघणं सोडून दिलं. दोस्ती राहिली, पण दहावीनंतर ती थोडी पातळ झाली. मला वाटायचं, कॉलेजं वेगळी झाली म्हणून.

फोन ठेवताना तो म्हणाला, ''ते वीस रुपये आण परत. व्याज नको.'' संध्याकाळी मी गेलो. त्यानं नोट घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि खरोखर खिशात घातली. मग आम्ही दोघं चहा प्यायला बाहेर पडलो.

आता तुम्ही विचाराल, यादीचं काय झालं? सांगतो. यादीच्या निमित्तानं मी पोरांना ब्राझीलची एक गोष्ट सांगितली. १९९२ मध्ये 'टॉप गिअर' नावाचा मोटार शर्यतीचा गेम आला होता. ब्राझीलमधल्या पोरांनी तो अक्षरशः डोक्यावर घेतला. पुढं ती पोरं मोठी झाली. त्या देशातल्या पोर्तो अलेग्रे शहरात अकिरिस नावाचा गेम बनवणारा चमू होता. त्यांनी आपल्या लहानपणीच्या त्या गेमची आठवण ठेवून २०१५ मध्ये स्वतःच एक गेम बनवला, 'होरायझन चेस'. आणि जुन्या गेमचं संगीत ज्यानं दिलं होतं, त्या बॅरी लीच यांनाच नव्या गेमचं संगीत द्यायला बोलावलं! रोड रॅशच्या चाहत्यांनीही हेच केलं. नवा भाग येत नाही म्हटल्यावर २०१३ मध्ये काही जणांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि 'रोड रिडेम्प्शन' नावाचा गेम २०१७ मध्ये पूर्ण करून दाखवला. नाव वेगळं, पण बाज तोच.

म्हणजे यादी करणारे दोन प्रकारचे असतात. एक, यादी देऊन वाट बघणारे. दुसरे, यादी खिशात ठेवून मोठे होणारे.

आमच्या टोळीचा काय विचार आहे ते अजून ठरलेलं नाही. भाच्यानं मात्र शाळेच्या कॉम्प्युटरवर 'स्क्रॅच' नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनात ठोकळे जोडून एक सरळसोट रस्ता तयार केलाय. एक गाडी आहे. ती फक्त उजवीकडे जाते. डावीकडे वळवली की अदृश्य होते! उमरेड अजून बरंच लांब आहे. पण परवा त्यानं फोन करून सांगितलं, ''मामा, थांबायचं बटन बनवलं. स्पेसबार दाबला की गाडी थांबते.''

मी विचारलं, ''आणि पडलेला माणूस?''

''तो अजून बनवायचा आहे. त्याचं चित्र काढायला समोरच्या ताईला सांगितलं. ती म्हणते, पहिले त्याले हेल्मेट घाल.''

तर बालमित्रांनो, आता तुमची पाळी. आज संध्याकाळी वहीचं एक पान घ्या (आईला विचारून फाडा!) आणि तुमची यादी करा. तुमच्या गावचा कोणता रस्ता गेममध्ये हवा? कोणतं वाहन? कोणता ऋतू? कोणती गोष्ट मुळीच नको? आईबाबांनाही शेजारी बसवा; त्यांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये काय उद्योग केले होते ते त्यांच्याकडूनच ऐका. यादी झाली की आम्हाला पाठवा.

आणि तुमच्या एखाद्या दोस्ताला तुम्ही कधी लाथ मारली असेल, पायानं किंवा शब्दानं, आणि त्याला कळलंच नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर यादी नंतर करा. आधी त्याच्या घरी जाऊन या. तो वाट बघत असेल.